मागच्या चाकातला गंज, रंग आणि इतर किरकोळ सजावट: गाडी आमच्याकडे देण्याआधी

नवे अलॉय (मिश्रधातूची उघड्या आऱ्यांची चाकं) बसवले की बऱ्याच ग्राहकांचा लगेच प्रश्न येतो, "चाक झकास दिसतंय, पण आत ते लाल काय आहे?" ते ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा. व्हील कॅपमागे तो आधीही गंजलेलाच होता, आता उघडा पडला इतकंच.

ड्रम बिडाचा असतो. बिडाचा तवा धुऊन ओलाच ठेवला तर त्याचं जे होतं, तेच याचं. त्यात रत्नागिरीची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस. समुद्रालगतच्या भाट्ये किंवा मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांना तर पापुद्रे सुटतात. बाहेरच्या या गंजाने ब्रेक कमजोर होत नाहीत. लायनर (ब्रेक लावल्यावर ड्रमला घासणारं अस्तर) घासतात ती बाजू आत असते. त्यामुळे हे काम निव्वळ शोभेचं आहे. रंगाने ब्रेक जास्त चांगले लागतील असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

काम कसं होतं

चाक काढल्यावर गाडी नुसत्या जॅकवर ठेवत नाही, खाली स्टँड लावतो. मग तारेचा ब्रश. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो आणि इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया जातं. सुटा गंज पडला की ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, नंतर २२० ने, आणि शेवटी ब्रेक क्लीनरने पुसायचं. बोटाला काळं लागत असेल तर अजून पुसायचं. हवा मारून धूळ उडवत नाही. लायनरची धूळ छातीत जाणं बरं नव्हे, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

रंग उष्णता सोसणाराच हवा. लोखंडी गेटला मारतात तो ऑइलपेंट पहिल्या दिवशी छान दिसतो. आंबा घाट उतरताना ड्रम तापला की तो धुरकट होतो आणि मग सोलपटतो. आम्ही पातळ तीन हात देतो, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. एकदाच जाड मारला तर ओघळ येतात.

आता रंग कुठे लावायचा नाही, ते. रिम ज्या सपाट तोंडावर टेकते ती जागा आम्ही टेप लावून झाकतो. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि घट्ट केलेले नट ढिले पडू शकतात. बोल्टच्या आट्यांवर रंग नको, ड्रम आणि त्याच्या मागे झाकण म्हणून असलेल्या पत्र्यामधल्या फटीतही नको. पुढच्या चाकांतल्या ब्रेक डिस्कला पॅड घासतो त्या भागावर तर थेंबही नको. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) रंगवून देतो, पण त्याचे रबर आणि ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचं तोंड) झाकूनच.

काही छोट्या गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रममध्येच असतं. अशा वेळी निव्वळ रंगासाठी ड्रम उतरवत नाही, जागेवरच रंगवतो. मागच्या पत्र्याच्या कडेला ओल दिसली तर मात्र रंगाचं काम थांबवून तुम्हाला फोन करतो. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळत असेल तर आधी तो दुरुस्त करायला हवा. ब्रेक ऑइल रंगही खातं.

रंग कोणता? काळा किंवा चंदेरी घ्या. लाल हवाच असेल तर देऊ, पण ड्रमला लाल म्हणजे आमच्या मते उगाच थाट. चिखल लाल, गंज लाल, त्यात ड्रमही लाल.

बाकीची छोटी कामं

पैशाच्या मानाने सर्वात जास्त फरक हेडलाइटने पडतो. पिवळी पडलेली काच खरं तर काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं आणि उन्हाने त्याचा वरचा थर गेलेला असतो. टूथपेस्टने चकाकी येते, काही आठवड्यांत पुन्हा पिवळं. आम्ही १००० ते ३००० नंबरच्या पेपरने ओलं घासून, पॉलिश करून वर यूव्ही क्लिअर कोट (उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर) देतो. गंजलेले वायपरचे हात मॅट काळे करून घ्या, खर्च थोडा आणि पुढून गाडी लगेच तरुण दिसते.

सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर कुठलंही कव्हर चालत नाही. त्या जागी उसवणारी शिवण असलेलंच बसवतो. काचांना काळी फिल्म आणि पुढे लोखंडी बुल बार, ही दोन्ही कामं आम्ही घेत नाही. गाडीचा संपूर्ण रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ड्रमच्या रंगाला असलं काही लागत नाही.

गाडी सोडताना

ड्रमच्या कामाला अर्धा दिवस धरा. ऐन पावसात शक्यतो आणू नका. दमट हवेत रंग उशिरा वाळतो आणि पांढरट पडतो. गणपतीला गाडी चकाचक हवी असेल तर मे महिन्यातच या. घरी नेल्यावर दोन-तीन दिवस चाकांवर प्रेशरचं पाणी मारू नका. साधारण १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासून घ्या, त्याचे पैसे घेत नाही. अलॉयला लॉक नट असतील तर त्याची चावी आठवणीने गाडीत ठेवा, ती नसेल तर चाकच निघत नाही.