तांत्रिक व अकादमिक संवाद (विद्यापीठीय विषय)

प्रयोग, मोजमाप, आराखडे आणि संशोधन यांविषयी विशिष्ट वाचकासाठी नेमके लिहिण्या-बोलण्याचे शिक्षण देणारा विषय. प्रकल्प अहवाल, शोधनिबंध, सारांश, कार्यालयीन पत्रव्यवहार व सेमिनार हे त्याचे नेहमीचे घटक. अभियांत्रिकीत तो बहुधा सुरुवातीच्या वर्षांत येतो. श्रेयांक (क्रेडिट) थोडे, म्हणून ‘काढून टाकायचा पेपर’ अशीच त्याची ख्याती.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली; कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. मराठी माध्यमातून आलेली मुले इथे मोठ्या संख्येने असल्यामुळे या विषयाचा तास पुष्कळदा इंग्रजी व्याकरणातच संपतो. खरी अडचण मात्र पुढेच असते : वाचक कोण आणि त्याला आधी काय हवे, हे ठरवण्याची.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचे, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे, उदाहरण घेता येईल. कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल, म्हणजे वायू अडकून झालेल्या पोकळ्या, निघू लागले आणि विद्यार्थ्याने त्यावर प्रकल्प केला, तर मालकाला पहिल्याच पानावर हवे असते ते इतकेच : किती नग रिजेक्ट, कारण काय, उद्यापासून काय बदलायचे. परीक्षक उलट बाजूने वाचतो. साच्याच्या वाळूतली ओल कशी मोजली, नमुने कुठून घेतले, इतर कारणे कशी वगळली, हे त्याला पाहायचे असते. त्याच्यासाठी प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा हा विसाव्या शतकात रूढ झालेला क्रम सोयीचा. मालकासाठी तो जवळजवळ उलटा करावा लागतो. प्रत्यक्षात दोघांच्याही हाती एकच जाडजूड बाइंडिंग पडते, आणि त्यातली पहिली दहा पाने कंपनीच्या इतिहासाची असतात. ‘वाळू ओली होती’ आणि ‘वाळूत ओल अमुक टक्के होती’ यांतले अंतर ज्याला कळले, त्याचा निम्मा अभ्यासक्रम झाला.

वाङ्मयचौर्य हा दुसरा मोठा भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. सॉफ्टवेअर शब्द जुळवते. शब्द फिरवून उचललेली कल्पना त्याच्या हाती सहसा लागत नाही.

पीएच.डी.साठी आयोगाने २०१९मध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम आणला. पदवीभर सिनियरचे जर्नल (प्रयोगवही) उतरवलेल्याला नीतिमत्ता तेव्हा शिकवणे म्हणजे वरातीमागून घोडे. मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जातो आणि तिथे तो कोणालाही उघडून वाचता येतो.