रिपिटिटिव्ह कंट्रोल आणि आयएलसी (इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल) एकच नाहीत हो!

महापे-रबाळेकडच्या ऑटोमेशनवाल्यांशी पंपाच्या प्रेशर रिपलबद्दल (दर फेऱ्याला होणाऱ्या प्रेशरच्या चढउताराबद्दल) बोला, दहातले आठजण "लर्निंग कंट्रोल टाकलंय की" म्हणून मोकळे होतात. अरे पण कुठलं, रिपिटिटिव्ह की आयएलसी?

पीआयडी, म्हणजे नेहमीचा फीडबॅक कंट्रोलर, तुम्हाला येतोच, तो सोडून देऊ. दोन्हींची आयडिया एकच, मागच्या फेरीतला एरर (हवं ते आणि मिळालं ते यातला फरक) मेमरीत ठेवा आणि पुढच्या फेरीत वापरा. दोन्ही वाढलेही जपानमध्येच, रिपिटिटिव्ह १९८१ च्या सुमारास प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) मॅग्नेट सप्लायसाठी आणि आयएलसी १९८४ च्या सुमारास रोबोटसाठी. साम्य इथेच संपतं.

खरा घोळ फेरी सुरू कशी होते यात आहे. आयएलसी म्हणजे नाटकाची तालीम, प्रवेश संपला, दिग्दर्शकाने चुका सांगितल्या, सगळे परत पहिल्या जागेवर. प्रत्येक ट्रायल त्याच स्थितीतून सुरू होते, म्हणून मधल्या वेळात आरामात हिशोब करता येतो आणि ट्रायलच ठराविक वेळेची असल्याने तिच्या आत लूप बेफाम सुटायला वावच कमी. रिपिटिटिव्हमध्ये ब्रेकच नाही, फेरीच्या शेवटी प्रेशर जिथे असेल तिथूनच पुढची सुरू, म्हणजे मागची चूक पाइपलाइनमधून तशीच पुढे येते. एका फेरीचा डिले थेट फीडबॅक लूपमध्ये बसतो आणि स्टॅबिलिटी हा रोजचा प्रश्न होतो. लो-पास क्यू फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सीवरचं शिकणं दाबणारा) न लावता चालू केलंत तर आधी एरर झपझप पडतो, सगळे खूश, आणि मग वरच्या हार्मोनिक्सवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर) हळूहळू चढायला लागतो.

फसगत होते ती बाटल्या भरणाऱ्या डोसिंग (मोजून माल सोडणाऱ्या) पंपाला. दिसायला ट्रायल-ट्रायल वाटतं, पण आधीचं प्रेशर बसायच्या आत पुढचा स्ट्रोक सुटत असेल तर ते आयएलसीचं काम नाही. ट्रेंडवर (प्रेशरच्या आलेखावर) प्रत्येक स्ट्रोकच्या सुरुवातीचं प्रेशर बघा, सगळे एकाच ठिकाणाहून निघत असतील तरच आयएलसी. सतत फिरणाऱ्या ट्रिपलेक्सला (तीन प्लंजर म्हणजे दट्ट्यांच्या पंपाला) मी तर डोळे झाकून रिपिटिटिव्हच म्हणेन.

त्यातही एक डोकेदुखी. ३०० आरपीएमला एक फेरा ०.२ सेकंदांचा, १ मिलीसेकंद सॅम्पलिंगला मेमरीत २०० घरं. तीन प्लंजर म्हणून मुख्य रिपल १५ हर्ट्झचा, मग काहीजण एक तृतीयांश फेराच साठवतात. चूक! तिन्ही प्लंजरचे व्हॉल्व्ह कधीच सारखे झिजत नाहीत, फेऱ्याला एकदा येणारा ५ हर्ट्झचा रिपलही येणारच, पूर्ण फेरा ठेवा. आणि व्हीएफडीने (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हने) स्पीड जरा हलवला की ती २०० घरं एका फेऱ्याशी जुळत नाहीत, वरचे हार्मोनिक्स सगळ्यात आधी निसटतात. म्हणून घरं वेळेच्या हिशोबाने नको, एन्कोडरच्या (शाफ्ट किती फिरला ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) अँगलवर बांधा.

बाकी सॅम्पलिंग, मेमरी वगैरे फरक किरकोळ आहेत, त्यावर वाद घालू नका. आणि हे सगळं करायच्या आधी डॅम्पनरमधलं (रिपल शोषणाऱ्या भांड्यातलं) नायट्रोजन प्रेशर तपासा राव, त्यातल्या फाटलेल्या ब्लॅडरवर (रबरी पिशवीवर) कंट्रोलर चढवणाऱ्यांना हात जोडले.