समारंभ नियोजन

समारंभ नियोजन : लग्न, मैफल, संमेलन, प्रदर्शन, पुरस्कार सोहळा, कंपनीचा वर्धापनदिन असा ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी एकदाच होणारा कार्यक्रम आखून तो पार पाडण्याचा व्यवसाय. बोलण्यात त्याला ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ किंवा नुसते ‘इव्हेंट’ म्हणतात. नाटकाचा आजचा प्रयोग पडला तर उद्याचा सावरता येतो. लग्न दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे शेवटची घटका पक्की धरून तिच्यापासून मागे मोजत येणे हे या धंद्यातले मूळ कौशल्य ठरते. सजावट, पाहुणचार, गोड बोलणे ही सगळी त्यानंतरची.

पूर्वपीठिका : व्यवसायाचे नाव नवे असले तरी काम जुनेच आहे. लग्नघरातला एखादा जाणता काका, आचारी, मंडपवाला आणि मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक मिळून हेच करीत. सार्वजनिक समारंभांत समित्यांची पद्धत रुळली. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनातून पुढे साहित्य संमेलनाची परंपरा आली. स्वागताध्यक्ष, निवास समिती, भोजन समिती, ग्रंथदिंडी ही तिची रचना आजही टिकून आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने वर्गणी, मंडप, पोलीस परवाना आणि मिरवणुकीची रांग सांभाळणारे कार्यकर्ते गल्लोगल्ली तयार केले. आजच्या अनेक नियोजकांचे पहिले शिक्षण मंडळाच्या मांडवातलेच असते, जरी त्यांच्या ओळखपत्रिकेवर तसे लिहिलेले नसते. पगारी व्यवसाय म्हणून हे क्षेत्र वाढले ते १९९१ च्या उदारीकरणानंतर, कंपन्यांचा जाहिरातखर्च मंचाकडे वळल्यावर. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेला मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम हा त्यातला ठळक टप्पा मानला जातो.

मुहूर्ताचे गणित : मराठी लग्न हा या कामाचा सर्वांत कडक वर्ग आहे. मुहूर्त १२ वाजून ३२ मिनिटांचा असेल तर साडेबारा म्हणून चालत नाही. विधी नऊला सुरू व्हायचे तर नवरी पावणेनऊला तयार हवी. केस आणि मेकअपला अडीच तास धरले तर ती सव्वासहाला आरशासमोर बसली पाहिजे. म्हणजे मेकअप करणारी सहाला कार्यालयात आणि कार्यालयाचे गीझर त्याहून आधी चालू. गीझरची ही ओळ ज्याच्या वेळापत्रकात नसते, त्याचा मुहूर्त पहाटे साडेपाचलाच चुकायला लागलेला असतो. गौरीहर पुजताना नवरीच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री असते आणि पुढे शालू येतो. त्या साडीबदलाची वीस-पंचवीस मिनिटे वधूपक्ष हमखास विसरतो.

मंगलाष्टकांच्या वेळी नियोजकाचा ताबा सुटतो आणि गुरुजींकडे जातो. हौशी आत्या आणि मामा स्वतः रचलेली कडवी घेऊन रांगेत उभे असतात. जाणते गुरुजी घड्याळाकडे पाहत त्यांना थांबवतात आणि ‘तदेव लग्नं’ मुहूर्ताला टेकेल असे धरतात. मंचाच्या भाषेत ज्याला ‘क्यू’ म्हणतात, तो इथे ‘सावधान’ या शब्दाने दिला जातो. त्या क्षणी अंतरपाट खाली, अक्षता वर आणि सनई मोठी. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या मुलाला हे आधी समजावले नसेल तर सनई एक कडवे अगोदर वाजते आणि पाहुणे अक्षता टाकून मोकळे होतात.

जेवणाचे गणित आणखी रोखठोक आहे. पाहुणे ५००, एका पंगतीला १२५ पाने, म्हणजे चार पंगती. एका पंगतीला पाऊण तास, मधल्या आवराआवरीला दहा मिनिटे. पहिली पंगत एकला बसली तर शेवटची उठेपर्यंत साडेचार वाजतात. शेवटच्या पंगतीत बसलेले असतात ते घरचेच, सकाळपासून उपाशी. बुफे आला तो बराचसा या हिशेबामुळे. चवीचा किंवा प्रतिष्ठेचा प्रश्न नंतरचा. केटररशी ताटांची किमान संख्या लेखी ठरते. तिच्याहून कमी माणसे आली तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात, म्हणून निमंत्रणांची यादी आणि ताटांचा आकडा एकाच माणसाच्या हाती ठेवण्याचा प्रघात आहे.

मंचावरचे काम : कंपन्यांच्या आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत मुहूर्ताची जागा ‘रनिंग ऑर्डर’ घेते. वेळ, अवधी, मंचावर कोण, माईक कोणता, पडद्यावर काय, दिवे कसे असे तिचे रकाने असतात आणि प्रत्येक ओळ एका मिनिटाची वा पाच मिनिटांची असते. ती हातात घेऊन हेडफोनवर सूचना देणाऱ्याला ‘शो कॉलर’ म्हणतात. नवख्याची परीक्षा मात्र पहिल्याच ओळीत होते. दीपप्रज्वलनासाठी चार मान्यवर समईपाशी उभे आहेत, मेणबत्ती पुढे केली जाते, आणि वात पेटत नाही, कारण वर पंखा फिरतो आहे व वाती कोरड्या आहेत. छायाचित्रकार खोळंबतो, निवेदिका तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणते. मुरलेला माणूस अर्धा तास आधी वाती तेलात भिजवतो, टोकाशी कापराचा तुकडा ठेवतो, पंखा बंद करवतो आणि एक काडेपेटी खिशात बाळगतो.

जागेची पाहणी, म्हणजे ‘रेकी’, कार्यक्रमाच्याच वेळी करावी असा संकेत आहे. सकाळी पाहिलेल्या मैदानावर संध्याकाळी सूर्य थेट मंचावरच्या लोकांच्या डोळ्यांत येतो, हे सकाळी कळत नाही. वीज ही दुसरी पाहण्याची गोष्ट. ६२.५, १२५, २५० केव्हीए अशा क्षमतेचे जनरेटर भाड्याने मिळतात. दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या जोडणीवर नसतील तर दिवे मंद-प्रखर होताना स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते.

परवाने आणि वेळेची मर्यादा : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही; राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. या नियमाने नियोजनच नव्हे, संगीतही बदलले. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले आणि श्रोते घोंगड्या-थर्मास घेऊन पहाटेच्या रागांची वाट पाहत. रात्रीचे बैठे कार्यक्रम आटोपते घ्यावे लागल्यावर उत्तररात्रीच्या रागांना फारसे व्यासपीठ उरले नाही. रसिकांना याचे वाईट वाटते आणि ते वाटणे योग्यच आहे; पण शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाची बाजूही तितकीच खरी आहे.

स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, महापालिका यांच्या परवानग्या, नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी स्वामित्व हक्काचा परवाना असा कागदपत्रांचा गठ्ठा जमतो. विवाहाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभांना स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये सूट आहे; तिची व्याप्ती किती यावरून वाद न्यायालयात गेले आहेत.

गर्दीचे गणित परवान्यात लिहिलेले असले तरी ते माणसानेच करायचे असते. उभ्या गर्दीत चौरस मीटरला चार-पाचपेक्षा जास्त माणसे झाली की माणूस स्वतःच्या पायाने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. ऊन हा असाच दुर्लक्षित भाग. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. एप्रिलमधल्या कार्यक्रमाच्या वेळापत्रकात पहिला निर्णय दिवसातल्या वेळेचा असावा. तो चुकला तर पाण्याच्या बाटल्यांनी भरून निघत नाही.

कारकीर्द : पदविका देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांतून ओळखी मिळतात, पण काम शिकवते ते काम. पहिली दोन वर्षे साधारणपणे धावपळीची असतात : पाहुण्याला विमानतळावरून आणणे, पाहुण्यांचे बिल्ले वाटणे, रात्री दोनला ट्रस (दिवे-पडदे टांगायचा धातूचा सांगाडा) उभी राहताना जागे राहणे. रोजंदारीवर फ्रीलान्स काम करणारे बरेच जण असतात. त्यांतून कोणी निर्मितीकडे, कोणी ग्राहकांशी बोलण्याकडे, कोणी कलाकारांच्या व्यवस्थेकडे वळतो. महाविद्यालयीन महोत्सव, एकांकिका स्पर्धांमागची मदत आणि गणेश मंडळ ही भरती होण्याची खरी दारे. परदेशातही हीच वाट दिसते : १९८१ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते आणि एरवी अभियंते वा डॉक्टर असलेले स्वयंसेवक हजारोंच्या जेवणाचा हिशेब करतात.

कौशल्य वाढवण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळली जाणारी रीत म्हणजे नोंदवही. ठरलेल्या वेळेशेजारी प्रत्यक्ष वेळ लिहायची : सत्कार ठरले दहा मिनिटे, झाले सत्तावीस. वीस कार्यक्रमांनंतर त्या वहीतून कळते की आभारप्रदर्शन कधीच तीन मिनिटांत आटपत नाही, आणि पुढचे वेळापत्रक खरे निघते.

स्वतःची संस्था काढणाऱ्यांचे बहुतेक नुकसान उधारीत होते. मंडपवाला, केटरर, कलाकार आगाऊ पैसे मागतात. कंपनी ग्राहक मात्र काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी देतो. बिलावरचा १८ टक्के जीएसटी त्याआधीच भरावा लागतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु सेवादारांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, पण पुढचे काम जाईल या भीतीने तो वापरणारे थोडे. हंगामही असमान असतो. चातुर्मासात लग्ने थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर एकदम गर्दी होते, पौषात पुन्हा ओहोटी लागते. कोरोनाच्या साथीने या धंद्याचा कणाच मोडला : एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. तग धरला तो ज्यांनी आगाऊ घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवले होते त्यांनी.

कार्यक्रम संपल्यावरचे काम कोणी पाहत नाही. सहा वाजता कार्यालयाचा ताबा सोडायचा असतो, बाहेर उद्याच्या लग्नाचा मांडववाला टेम्पो लावून उभा असतो. भाड्याच्या खुर्च्या, पातेली, झारे, समया मोजून परत केल्याशिवाय अनामत मिळत नाही. रुखवताच्या टेबलाखाली कोणाची तरी चप्पल आणि एक चांदीचे तबक हमखास सापडते. तबक कोणत्या बाजूचे, हे दोन्हीकडच्या आत्यांना एकत्र बसवून विचारावे लागते.