गारठ्यात नाक का गळतं?

डिसेंबर-जानेवारीत कोकणात पहाटे मतलई वारा सुटतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, गार आणि कोरडा. आंब्याच्या मोहोराला हा गारठा हवाच असतो. पण त्याच वेळी मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडणाऱ्यांच्या, मासळी उचलणाऱ्यांच्या नाकातून पाणी वाहू लागतं. ‘थंडी बाधली’ असं आपण लगेच म्हणतो. पण बहुतेक वेळा बाधलेलं काही नसतं. नाक आपलं काम करत असतं.

दिवसाला आपण सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो, आणि फुफ्फुसांना ती ऊबदार आणि दमट लागते. नाकात दोन्ही बाजूंना हाडांच्या वळणदार घड्या असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं ओलं अस्तर. त्यांना घासून जाता जाता हवा घशाशी पोचेपर्यंत तीस अंशांच्या पुढे तापते. ओलावा देणं हे त्याहून मोठं काम. १८ अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर १५ ग्रॅम वाफ मावते. ३४ अंशांच्या हवेत ३७ ग्रॅम. हिशोब मांडा: कोकणातल्या सौम्य थंडीतसुद्धा नाकाला दिवसाला दोनशे ग्रॅमहून जास्त पाणी हवेत मिसळावं लागेल.

गार, कोरडी हवा लागली की अस्तरातल्या मज्जातंतूंना ते कळतं आणि ग्रंथी जोमाने पाझरू लागतात. त्यात भर उच्छ्वासाची. आतून येणारी दमट हवा गार पडलेल्या नाकपुडीशी पोचते आणि तिच्यातल्या वाफेचं तिथेच पाणी होतं. म्हणून हा स्राव पातळ असतो आणि ऊन अंगावर आलं की थोड्या वेळात थांबतो. अंग मोडून येणं, घसा धरणं, ताप, हे वेगळं प्रकरण. ते विषाणूचं.

तरीही घरातली मोठी माणसं उगाच रागावत नाहीत. विषाणूशिवाय पडसं होत नाही हे खरं, पण नाक गारठलं की त्याचं फावतं. पडशाचा नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना जोमाने वाढतो. येल विद्यापीठात २०१५ साली उंदरांच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की कमी तापमानाला पेशींचा प्रतिकारच मंदावतो. नाकातला चिकट स्राव घशाकडे ढकलणारे सूक्ष्म केसही थंडीत सुस्तावतात.

आपल्याकडे किनाऱ्यावर हिवाळा तसा मवाळ. माझ्या मते जास्त जपायला हवं ते मासळीच्या शीतगृहात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करणाऱ्यांनी. तिथली हवा जानेवारीतल्या दापोलीपेक्षाही कितीतरी गार असते. कानटोपी सगळेच घालतात, नाक मात्र उघडंच राहतं. सुती पंचा किंवा मफलर नाकातोंडावरून घेतला, तर उच्छ्वासाची ऊब आणि ओल कापडात अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जाते. पंचा ओलाचिंब झाला की बदलावा, आणि दुसऱ्याचा वापरू नये.