दुष्काळ ‘जाहीर’ होण्याचा खरा अर्थ

संयुक्त राष्ट्रांनी एखाद्या देशात दुष्काळ जाहीर केला की मदत देणे जगाला बंधनकारक होते, हा समज जुना असला तरी खरा नाही. आपल्याकडे सरकारने दुष्काळ जाहीर करताच जमीन महसुलात सूट मिळते, त्यातून कदाचित तो रुजला असावा. उपासमार किती गंभीर आहे हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, ज्याच्या आधारे दुष्काळ जाहीर होतो, हे केवळ निदान आहे आणि तेही फार उशिराचे: २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के बालकांत तीव्र कुपोषण आणि दररोज दहा हजारांमागे दोन मृत्यू, असे सर्वसाधारण निकष आहेत. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरलेल्या, म्हणजे कुपोषण तपासण्याच्या मोजपट्टीच्या लाल, अतितीव्र कुपोषण दाखवणाऱ्या भागात आलेल्या बालकाला इतके थांबणे परवडत नाही. सोमालियात ही घोषणा जुलै २०११ मध्ये झाली. तिथे दगावलेल्या सुमारे २ लाख ६० हजार जणांपैकी जवळपास निम्मे त्याआधीच गेले होते, आणि धोक्याचे इशारे तर २०१० पासूनच दिले जात होते.