शिस्तीआधी भरवसा

मुंबईतल्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीनंतरची पहिली पाच मिनिटं शिक्षकाचा अंत पाहतात. इवल्याशा पटांगणात तीन वर्गांचे तीन सामने एकमेकांत घुसलेले असतात. आउट की नॉटआउट यावरून कुणाची कॉलर धरलेली असते, कुणाचे डोळे भरलेले असतात. यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ वर्ग शांत होतो. मूल शांत होतंच असं नाही.

भावना चेहऱ्यावर येऊ न देणं आणि भावना आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की भावना नुसती दाबली तर चेहरा कोरा राहतो, पण शरीरावरचा ताण उलट वाढतो. दाबण्याच्या खटाटोपात समोर काय घडलं, कोण काय बोललं, हेही नीट लक्षात राहत नाही. म्हणजे मुठी आवळून गप्प बसलेल्या मुलाच्या कानावर गणित पडतंय, पण शिरत असेलच याची खात्री नाही.

त्यात मेंदूचीही अडचण आहे. आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. भावनेला तडक प्रतिसाद देणारे भाग त्याच्या बरेच आधी कामाला लागलेले असतात. सहावीतल्या मुलाकडून आपण चाळिशीतल्या माणसाचा संयम मागतो (जो चाळिशीतल्या माणसाला लोकलच्या दारात जमत नाही).

पण संयम काय फक्त मुलाच्या अंगी असतो? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा मार्शमॅलोचा (म्हणजे एका मऊ, गोड खाऊचा) प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो: आत्ता एक खा, किंवा थांब आणि दोन घे. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात सरस ठरतात, असा त्याचा डंका वाजला. 2018 मध्ये 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच हा संबंध फारच क्षीण झाला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. त्यात मुलं होती अवघी 28. आधी प्रत्येकाला सांगितलं, ‘थांब, चांगले रंग आणून देते.’ निम्म्या मुलांना ते मिळाले, निम्म्यांना ‘सॉरी, संपले’ असं ऐकावं लागलं. स्टिकरच्या बाबतीतही तेच. मग मार्शमॅलो ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. फसलेली मुलं 3 मिनिटं. त्यांचं वागणं चुकीचं कसं म्हणायचं? शब्द पाळला जात नसेल तर हातातलं खाऊन टाकणं हाच शहाणपणा.

आता आपल्याकडचा पीटीचा तास आठवा. पोर्शन राहिला म्हणून तो गणिताला जातो, ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात पाऊस असतो. थांबण्यात अर्थ नाही हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

म्हणूनच एक तासिका ध्यानाची लावून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये 8,000 हून अधिक शाळकरी मुलांवर सजगतेच्या (ध्यानासारख्या ‘माइंडफुलनेस’च्या) वर्गांची मोठी चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्यांचा जास्त फायदा आढळला नाही.

साध्या गोष्टींना मात्र आधार आहे. ‘चिडलायस? की वाईट वाटलं?’ असं विचारून भावनेला नाव देता आलं, तर तिची धार थोडी बोथट होते. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात. भांडण मिटवण्याआधी असे चार-पाच श्वास घेऊ द्यावेत. आणि झोप. अपुऱ्या झोपेने मेंदू त्रासदायक गोष्टींवर जास्त भडकतो. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते योग्यच झालं. पण वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, आणि सकाळच्या सातच्या शाळेला नेमकी त्याच वयाची मुलं पळत असतात.