पार्श्वभूमी: खानदेशी देव्हाऱ्यातले अनेक देव

खानदेशातल्या घरच्या देव्हाऱ्यात सप्तशृंगी किंवा धुळ्याच्या एकवीरेचा टाक असतो, शेजारी खंडोबा, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुठे शाळिग्राम. सगळ्यांवर पाणी एकाच तांब्यातून पडतं. इतके देव एकत्र का नांदतात, याचं उत्तर फार जुनं आहे. सत्य एकच असून जाणते त्याला इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशा नावांनी बोलावतात, असं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात आहे. बृहदारण्यक उपनिषदात देव किती, असं शाकल्य पुन्हापुन्हा विचारतो आणि याज्ञवल्क्य 3306 वरून 33, 6, 3, 2, दीड असं उतरत एकावर थांबतो.

पूजेत हा विचार सर्वांत नेमका उतरला तो पंचायतनात. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती हे पाचही असतात. आपलं इष्टदैवत मध्ये, बाकीचे चार कोपऱ्यांत. शिव मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये आला की ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य. देवी वायव्येलाच राहते. चूक होते ती इथेच: मधला देव बदलून कोपरे तसेच ठेवले जातात. कोण मध्ये बसवायचा हे घराण्यावर सोडलं आहे, आणि माझ्या मते या पूजेचं खरं मोठेपण त्यात आहे. मूर्तीही घडवाव्या लागत नाहीत. नर्मदेचा बाण म्हणजे लिंगासारखा गोटा, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीचा तांबडा दगड असे पाषाण चालतात. बाण आणि शाळिग्रामाला तर प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. यातली नर्मदा नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते.

तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवांचं प्राचीन देऊळ आहे. याच चांगदेवांना ज्ञानेश्वरांनी 65 ओव्यांचं पत्र लिहिलं. सोन्याचं सोनेपण जराही कमी न होता दागिना होतो, तसा परमात्मा स्वतः न सरता जग होतो, असं त्यात सांगितलं आहे. मुक्ताबाई तापीकाठीच गुप्त झाली, अशी परंपरा आहे. त्यामुळे हा विचार इथे वारीच्या वाटेनं गावोगाव पोचलेला आहे.

याच मातीतली देवी कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. मूर्ती म्हणजे कलशावर ठेवलेला शेंडीचा नारळ. त्याला डोळे, नथ, लुगडं. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू आणि चण्याची डाळ घेऊन दळतात, आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी नदीवर निरोप. कित्येक घरी तोच नारळ नदीत बुडवून परत आणतात आणि वर्षानुवर्षं पुजतात. त्यासाठी शेंडीखालचे मूळचे डोळे धड असलेला नारळ घ्यावा आणि कोरड्या जागी ठेवावा. दमट फडताळात डोळ्यांकडून बुरशी शिरते, समईच्या धगीला करवंटी तडकते. तडकलेला नारळ नदीला देतात आणि नव्याला तेच डोळे, तीच नथ चढवतात. तीही कानबाईच.